संस्थेचं ध्येय आणि कार्यकर्तीचा मंगळवार : जोडणी कशी करायची

बीड जिल्ह्यात ऊसतोड कुटुंबांच्या मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत मी काही वर्षं प्रकल्प समन्वयक होते. ‘स्थलांतरित कुटुंबातल्या प्रत्येक मुलाचं शिक्षण अखंड सुरू राहावं’ हे आमचं ध्येय कार्यालयाच्या भिंतीवर रंगवलेलं होतं. एका ऑक्टोबरमध्ये आमची कार्यकर्ती आणि मी एका वस्तीवर पोचलो, तेव्हा ट्रकमध्ये बिऱ्हाड भरणं चाललं होतं. चौथीतली मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन उभी होती. तिला हंगामी वसतिगृहात ठेवा, असं आम्ही आईला सांगू लागलो. ती म्हणाली, “आता येऊन काय करता ताई? उचल घेतली तवाच ठरलं की. ही नसली तर बारक्याला फडात कोण बघंल?” (उचल म्हणजे ऊसतोडीसाठी आधीच घेतलेली आगाऊ रक्कम, आणि फड म्हणजे उसाचं शेत.)

परत आल्यावर मी त्या कार्यकर्तीची पावसाळ्यातली दैनंदिनी काढून बसले. तीन दिवस जिल्ह्याच्या ठिकाणी प्रशिक्षण. वृक्षारोपण. स्वातंत्र्यदिनाची प्रभातफेरी आणि तिचे फोटो. देणगीदारांच्या भेटीची तयारी चार दिवस. तिमाही अहवालाची माहिती. गृहभेटी अगदी मोजक्या, त्याही यादीतली नावं पुरी करण्यासाठी. याच काळात मुकादम, म्हणजे मजूर जमवणारा ठेकेदार, घरोघर जाऊन उचल देत होता. कोण जाणार, किती कोयते (तोडणी करणारी नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता), मुलं बरोबर की मागे, हे सगळं तेव्हाच ठरत होतं. आमची कार्यकर्ती त्या काळात एक दिवसही रिकामी बसली नव्हती. आम्हीच तिला दुसरीकडे गुंतवून ठेवलं होतं.

त्यानंतर आधी त्या संस्थेत आणि मग दुसऱ्या काही संस्थांमध्ये मी जी पद्धत वापरली, ती इथे मांडते आहे. दहा ते तीस माणसांच्या संस्थेला ती बाहेरचा सल्लागार न बोलावता करता येते. पहिल्यांदा करताना दीड-दोन महिने लागतात. मे महिना त्यासाठी बरा, कारण शाळांना सुट्टी असते आणि मार्चअखेरची धावपळ संपलेली असते.

आधी दैनंदिनी, आराखडा नंतर

बहुतेक संस्था उलट टोकाकडून सुरुवात करतात. विश्वस्त आणि वरिष्ठ मंडळी दोन दिवस एखाद्या प्रशिक्षण केंद्रात बसतात, भिंतीवर रंगीत कार्डं चिकटवतात आणि पाच वर्षांचा आराखडा करतात. मग तो खालच्या फळीला ‘समजावून सांगितला’ जातो. कार्यकर्ते मान डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी कालचंच काम पुढे चालू करतात. त्यांच्या दिवसात नवं काही मावेल अशी जागा आहे का, हे कुणी पाहिलेलंच नसतं.

म्हणून दोन आठवडे प्रत्येकाने आपला दिवस लिहावा. सकाळचं सत्र आणि दुपारचं सत्र, प्रत्येकी एक-दोन ओळी. कुठे होतो, कुणाबरोबर होतो, काय केलं. संचालकांनी लिहायचं, लेखापालांनी लिहायचं आणि गाडी चालवणाऱ्या दादांनीही. यातलं काहीही कुणाच्या वेतनवाढीशी किंवा मूल्यमापनाशी जोडलं जाणार नाही, हे पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर स्पष्ट बोला आणि तो शब्द पाळा. तो मोडला तर पुढची सगळी वर्षं दैनंदिनीत तुम्हाला वाचायला आवडेल तेवढंच लिहिलं जाईल.

दोन आठवड्यांनी सगळे कागद भिंतीवर लावा आणि चार रंगांचे खडू घ्या. ज्यांच्यासाठी संस्था आहे त्या लोकांसोबत गेलेल्या वेळाला हिरवा. त्या कामाच्या तयारीला, प्रवासाला, अभ्यासाला पिवळा. देणगीदार, शासन आणि कायद्यासाठी करावं लागणाऱ्या कामाला निळा. आणि कशासाठी केलं हे कुणालाच सांगता येत नाही, त्याला लाल. रंग ज्याचा त्याने भरायचा. टक्केवारी काढत बसू नका. भिंतीपासून चार पावलं मागे सरकलं तरी पुरेसं दिसतं.

लाल रंगात काय निघतं, याची थोडी कल्पना देते. एकाच मुलाची माहिती आधी कागदी रजिस्टरमध्ये, मग एक्सेलमध्ये, मग देणगीदाराच्या ॲपमध्ये, अशी तीनदा भरलेली. दोन वर्षांपूर्वी संपलेल्या प्रकल्पाचा मासिक तक्ता, जो अजून दर महिन्याला पाठवला जातो आणि कुणीही उघडत नाही. तालुक्याला होणाऱ्या बैठकीत नुसतं हजर राहणं. ही कामं कुणी ठरवून लादलेली नसतात. ती साचत गेलेली असतात.

ध्येय असं लिहा की ते खोटं ठरू शकेल

‘सक्षमीकरण’, ‘सर्वांगीण विकास’, ‘जाणीवजागृती’ या शब्दांवरून कार्यकर्तीला तिचा मंगळवार ठरवता येत नाही. सगळ्यांनी मिळून एकाच प्रश्नाचं उत्तर शोधा : पुढच्या वर्षी याच दिवसांत गावात काय दिसलं तर आपण हरलो असं आपण कबूल करू? आमच्याकडे खूप वाद होऊन जे वाक्य निघालं ते असं : ‘आपल्या गावांतलं पहिली ते आठवीचं कुठलंही मूल सलग महिनाभर शाळेबाहेर राहणार नाही, मग ते गावात असो की कारखान्याच्या तळावरच्या कोपीत.’ (तळ म्हणजे ऊसतोड मजुरांचा मुक्काम, कोपी म्हणजे तिथली तात्पुरती झोपडी.) या वाक्याने आमचं काम एकदम अवघड केलं, कारण गेलेल्या मुलांची जबाबदारीही त्यात आली. पण तेव्हापासून आपण काय करतो आहोत, हे सगळ्यांना सारखंच कळू लागलं.

मोठं ध्येय रोजच्या कृतीपर्यंत कसं उतरवायचं याचा महाराष्ट्रातला सगळ्यात स्पष्ट धडा मला गडचिरोलीत दिसतो. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेसमोर प्रश्न होता नवजात बाळांच्या मृत्यूंचा. ‘बालमृत्यू कमी करणे’ एवढं लिहून ते थांबले असते, तर गावातल्या बाईला उद्या सकाळी काय करायचं ते कळलं नसतं. त्यांनी गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं आणि त्यांचं काम कृतींमध्ये मांडलं. बाळाचं वजन करायचं. ते उबदार ठेवलंय ना ते बघायचं. एक मिनिटभर श्वास मोजायचे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त असतील तर ती धोक्याची खूण. ३९ गावांतल्या या कामात नवजात मृत्युदर हजार जन्मांमागे ६२ वरून साधारण २५ वर आला आणि तो अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे २०११ मध्ये देशभरच्या आशांसाठी (गावातल्या आरोग्य कार्यकर्त्यांसाठी) हाच विचार कार्यक्रम म्हणून स्वीकारला गेला. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जायचं. या सहा तारखांमध्ये सगळं ध्येय मावलं आहे. ते आशाला पाठ करावं लागत नाही, बाळ किती दिवसांचं झालं एवढं तिला ठाऊक असलं की पुरतं.

तुमच्या कामातल्या अशा तारखा कोणत्या, हे शोधणं म्हणजेच जोडणी.

बदल नेमका कुणाच्या निर्णयात हवा?

ध्येयाचं वाक्य तयार झालं की त्याखाली पाच प्रश्न लिहा आणि क्षेत्रातल्या कार्यकर्त्यांकडूनच उत्तरं घ्या. वरिष्ठांनी इथे शक्य तितकं गप्प बसावं. मला स्वतःला हे फार जड गेलं.

१. हे ध्येय गाठायला कुणाचा निर्णय बदलायला हवा?
२. तो निर्णय कुठे होतो?
३. कधी होतो?
४. त्यात कुणाचा शब्द चालतो?
५. त्या वेळी त्या ठिकाणी आपलं कोण असतं?

आमची उत्तरं अशी आली. निर्णय : मूल बरोबर न्यायचं की मागे ठेवायचं. कुठे : घरात, ओसरीवर, मुकादमाशी बोलणं होतं तेव्हा. कधी : उचल घेताना, म्हणजे साधारण पावसाळ्यात, दसऱ्याच्या बरंच आधी. कुणाचा शब्द : वडिलांचा वाटतो, पण मूल मागे राहायचं असेल तर ते सांभाळायला तयार होणाऱ्या आजीचा शब्द सगळ्यांत जड. पाचव्या प्रश्नाला मात्र खोलीत कुणीच बोललं नाही. त्या दिवसांत आम्ही वृक्षारोपणात आणि प्रशिक्षणात होतो.

आजीचं उत्तर एका कार्यकर्तीने दिलं. ती अशाच एका तांड्यावरची. आराखडा लिहिणाऱ्या आम्हा कुणालाही ते सुचलं नव्हतं. आमच्या कार्यक्रमात आई-वडिलांसाठी मेळावे होते, किशोरींचे गट होते, शाळा व्यवस्थापन समितीचं प्रशिक्षण होतं, पण आजीसाठी काहीही नव्हतं. पुढच्या वर्षीपासून कार्यकर्त्यांनी मुद्दाम दुपारी, आज्या घरी असतात त्या वेळी, वस्तीवर जायला सुरुवात केली.

तुमचा विषय वेगळा असेल तर साखळी वेगळी निघेल. पाण्यावर काम असेल तर निर्णय बहुधा रब्बीच्या पेरणीआधी शेतात होतो : यंदा कोणतं पीक, किती पाणी. हिवरे बाजारने पाण्याचा ताळेबंद गावात मांडून त्यावर पीक ठरवण्याची रीत रुजवली, ती अशा वेळ साधण्यामुळेच कामाची ठरते. बालविवाहावर काम असेल तर लग्नाच्या दिवशी पोलीस घेऊन पोचण्याच्या कितीतरी आधी, मुलगी शाळा सोडते त्या महिन्यात, तो निर्णय होऊन गेलेला असतो.

भिंतीवर गावाचं वर्ष लावा

कार्यालयाचं वर्ष एप्रिल ते मार्च असतं. गावाचं तसं नसतं. मोठा कागद घेऊन त्यावर आधी गावाचे बारा महिने मांडा. जूनमध्ये शाळा उघडते, पेरणी असते. पावसाळ्यात उचल. पोळा, गणपती, दसरा. मग जाण्याची गडबड. थंडीत निम्मी वस्ती रिकामी, तळावर कोप्या. उन्हाळ्याच्या तोंडाला परतीचा प्रवास. ग्रामसभांच्या ठरलेल्या तारखाही त्यावर टाका : २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर.

त्याच्याच खाली दुसऱ्या पट्टीवर कार्यालयाचे महिने लिहा. तिमाही अहवाल, लेखापरीक्षण, देणगीदारांच्या भेटी, प्रशिक्षणं, मार्चअखेर. आता दोन्ही पट्ट्या एकत्र वाचा. कुठे टक्कर होते ते लगेच दिसतं. मार्च हे त्याचं ठळक उदाहरण. सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीचा, पैसा कंपनीच्या आर्थिक वर्षात खर्ची पडावा म्हणून त्या महिन्यात सगळी संस्था बिलं, उपयोगिता प्रमाणपत्रं आणि फोटो गोळा करण्यात बुडते. आणि ऊस संपत आला की नेमकी याच सुमारास कुटुंबं परतायला लागतात. वर्षाच्या शेवटच्या परीक्षेला मूल बसेल की नाही, हे या काही आठवड्यांत ठरतं.

टक्कर दिसली की तारखा हलवा. प्रशिक्षण मे महिन्यात न्या. देणगीदारांची भेट जानेवारीत, थेट तळावर ठेवा. त्यांनाही खरं काम दिसेल. सीएसआर नियमांत ‘चालू प्रकल्प’ सुरुवातीचं वर्ष सोडून तीन वर्षांपर्यंत चालवता येतो. कंपनीशी बोलताना ही तरतूद आधीच पुढे ठेवली तर मार्चची घाई बरीच कमी होते. हे बोलणं करार होण्यापूर्वी करायचं असतं.

आधी काढा, मग घाला

सगळ्यात जास्त विरोध या पायरीला होतो आणि सगळ्यात जास्त फरकही हीच पाडते. नव्या कामाची यादी करण्याआधी थांबवण्याच्या कामांची यादी करा. मी एक नियम ठेवला होता : कार्यकर्तीच्या पानावर एक नवं काम लिहायचं असेल तर आधी एक जुनं खोडायचं, आणि ते खोडल्याचं तिच्या समन्वयकाने लेखी द्यायचं. लेखी का, तर तोंडी बंद झालेलं काम दोन महिन्यांनी ‘एवढा एक तक्ता पाठवून द्या ना’ म्हणत परत येतं.

लाल कामं लगेच बंद करता येतात. निळ्या कामांचं जरा बघून करावं लागतं. धर्मादाय आयुक्तांकडे द्यायचे हिशेब, लेखापरीक्षण, परकीय निधी असेल तर एफसीआरएचे (परकीय देणग्यांच्या कायद्याचे) अहवाल, यात तडजोड नाही. पण देणगीदार मागतो ते सगळं कायद्याने लागतंच असं नसतं. एकदा आम्ही एका देणगीदाराला पत्र लिहिलं, सोबत कार्यकर्तीच्या दोन आठवड्यांच्या दैनंदिनीचा फोटो जोडला आणि विचारलं, की दर आठवड्याच्या फोटोऐवजी महिन्याला एक पान लिहून पाठवलं तर चालेल का? चार ओळींत होकार आला. इतकी वर्षं आम्ही विचारलंच नव्हतं.

दिवस साजरे करणं हा एक नाजूक विषय आहे. महिला दिन, बालिका दिन, पर्यावरण दिन असे वर्षभरात बरेच होतात आणि प्रत्येकाला तयारीचे दोन-तीन दिवस जातात. माझं मत स्पष्ट आहे. ज्या दिवसाचा आपल्या ध्येयवाक्याशी संबंध एका वाक्यात सांगता येतो तेवढेच ठेवावेत. आम्ही दोन ठेवले. गावाला आवडतं म्हणून तिसरा ठेवावा लागला, तर तो गावाने करावा आणि आपण पाहुणे म्हणून जावं.

प्रत्येकाचं एक पान

आता प्रत्येकासाठी एकच पान लिहा. सगळ्यात वर ध्येयवाक्य, सगळ्यांच्या पानावर अगदी तेच. खाली ‘त्यासाठी माझा वाटा’ हे एक वाक्य, त्या व्यक्तीने स्वतःच्या शब्दांत लिहिलेलं. मग दर आठवड्याला करायच्या तीन ते पाच गोष्टी. शेवटी ‘हे मी करणार नाही’ अशी दोन-तीन कामं.

एका कार्यकर्तीच्या पानावर पावसाळ्यासाठी असं होतं : ‘उचल घेतलेल्या प्रत्येक घरी महिन्यातून दोनदा जाणे, एकदा आजी असताना. मूल मागे राहणार की जाणार, हे वहीत लिहिणे. जाणार असेल तर कोणत्या कारखान्यावर, मुकादम कोण, ते विचारणे.’ कारखान्याचं नाव हातात असलं की तळाजवळच्या शाळेशी बोलता येतं आणि मुलाचं शिक्षण हमी कार्ड घेऊन तिथे प्रवेश करता येतो. ते माहीत नसलं तर हंगामभर मूल हरवलेलं राहतं.

मागच्या फळीतल्या लोकांचं पान लिहायला जास्त वेळ द्या. लेखापालांना बहुतेक ठिकाणी ध्येयाच्या चर्चेला बोलावतच नाहीत. आमच्या लेखापालांनी स्वतःचा वाटा असा लिहिला : ‘पावसाळ्यात कार्यकर्तीचा प्रवासखर्च आठ दिवसांच्या आत देणे.’ साधं वाटतं. पण पदरचे पैसे अडकले की कार्यकर्ती लांबच्या तांड्यावर जाणं टाळते, हे त्यांना बैठकीत पहिल्यांदाच कळलं होतं. लेखी पानांचा त्यांना आणखी एक उपयोग झाला. एफसीआरएत २०२० च्या दुरुस्तीनंतर परकीय निधीतून प्रशासकीय खर्चावर २० टक्क्यांची मर्यादा आहे, आधी ती ५० होती. कुणाचं काम थेट कार्यक्रमाचं आणि कुणाचं प्रशासनाचं हे दाखवायला कागद हातात असला की लेखापरीक्षणात बोलणं सोपं जातं.

गाडीवरच्या दादांच्या पानावर होतं : ‘तळावर गेल्यावर ओळखीच्या गाडीवानांकडून नव्या ऊसतोड टोळ्यांची माहिती काढणे.’ ते हे आधीपासून करत होतेच. फक्त ती माहिती कुणी मागितली नव्हती.

सोमवारची पाऊण तासाची बैठक

पान लिहून फाईलला लावलं तर ते भिंतीवरच्या ध्येयासारखंच होतं. दर सोमवारी पाऊण तास बसा. समन्वयकाने तीनच प्रश्न विचारायचे. मागच्या आठवड्यात पानावरचं काय झालं? पानाबाहेरचं काय करावं लागलं आणि ते कुणी सांगितलं? या आठवड्यात कशासाठी कुणाची मदत हवी?

दुसरा प्रश्न कधीही गाळू नका. नवी लाल कामं याच वाटेने आत शिरतात आणि बऱ्याचदा ती सांगणारी व्यक्ती संचालकच असते. आमच्याकडे वर्षाच्या सुरुवातीला त्या प्रश्नावर कुणी बोलत नसे. संचालकांनीच एका सोमवारी “ते सर्वेक्षणाचं काम मी मध्येच घुसवलं, ते थांबवूया” असं म्हटल्यावर इतरांची भीड चेपली.

बैठकीत आकडे वाचू नका. आकडे कागदावर येतात. बैठक अडलेल्या गोष्टींसाठी असते. ‘अमुक घरी आजी तयार आहे, पण तिच्या औषधांचं काय?’ असा प्रश्न समोर आला तर पंधरा मिनिटं त्यालाच द्या.

मोजायचं किती

थोडं. आमच्या कार्यकर्तीच्या वहीत प्रत्येक मुलासमोर महिन्याला एकच खूण असे : शाळेत, शाळेबाहेर, किंवा माहीत नाही. ‘माहीत नाही’ हा रकाना ठेवायलाच हवा. तो नसेल तर माणसं अंदाजाने ‘शाळेत’ लिहितात. त्या रकान्यातली नावं म्हणजे पुढच्या आठवड्याचं काम. देणगीदाराचे आकडे याच वहीतून निघायला हवेत, त्यासाठी वेगळी वही नको. आणि ती वही कार्यकर्तीकडेच राहावी. कार्यालयाने हवी तर तिची प्रत काढून घ्यावी.

नवा निधी दारात आला की

वर्षभर बसवलेली जोडणी एका नव्या प्रकल्पाने मोडू शकते. कुणीतरी टॅब द्यायला तयार असतं, कुणी शौचालयं, कुणी कौशल्य प्रशिक्षण. पगार थकलेले असताना नाही म्हणणं किती कठीण असतं, ते मी अनुभवलं आहे, म्हणून ‘नाही म्हणा’ असा सल्ला मी देत नाही. मात्र प्रस्ताव लिहिण्याआधी सगळ्यांची पानं टेबलावर मांडा आणि या प्रकल्पासाठी कुणाच्या पानावरून कोणती ओळ खोडावी लागेल, ते नाव घेऊन ठरवा. ज्याची ओळ खोडली जाणार तो माणूस त्या खोलीत हवा. खोडण्यासारखं काही नसेल, तर नव्या माणसाचा पगार प्रस्तावाच्या अंदाजपत्रकात धरा.

मे महिन्यातली परतीची बैठक

पानं वर्षातून एकदा बदलायची असतात आणि ती वेळ मी कुटुंबं गावात परतल्यानंतरची ठेवते. सकाळी कार्यकर्त्यांनी आपापल्या वह्या घेऊन गावनिहाय नावं वाचायची. कोण राहिलं, कोण गेलं, गेलेल्यांपैकी कोण तळावरच्या शाळेत बसलं, कुणाचा पत्ता लागला नाही. दुपारी सुटलेल्या प्रत्येक नावाशी थांबून पाच प्रश्नांची साखळी पुन्हा एकदा बघायची : निर्णय कुठे झाला, कधी, कुणाचा शब्द चालला, आपण कुठे होतो. संध्याकाळी प्रत्येकाने आपल्या पानावरची निदान एक ओळ बदलायची. एका वर्षी दुपारच्या त्या चर्चेत लक्षात आलं, की सुटलेल्या बऱ्याच मुलींच्या घरी दोन वर्षांच्या आतलं भावंड होतं. जूनमध्ये दोन कार्यकर्त्यांच्या पानांवर नवी ओळ आली : तळावर धाकट्यांसाठी पाळणाघर सुरू करण्याबाबत कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्यांशी बोलणे. जागा राहावी म्हणून तालुक्याची मासिक बैठक त्यांच्या पानांवरून खोडली.